शिडीच्या अलीकडे

४ नोव्हेंबर

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं, ते लिहिलं असं समज. साष्टांग नमस्कारही घातला असं समज. माझी कंबर आता तेवढी वाकत नाही, आणि तुझ्यासाठी तर नाहीच नाही.

नऊ वर्षांनी लिहितोय ते आईनं सांगितलं म्हणून. ती समोर खाटेवर बसलीय आणि दर दोन मिनिटांनी "लिहिलंस का?" विचारतेय. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली तिला. डाव्या डोळ्यानं फारसं दिसत नाही, कानानं मात्र भिंतीपलीकडचं ऐकते. तू एकदा येऊन जावंस एवढंच तिचं म्हणणं आहे. ते मी लिहिलं. तिचं काम झालं. आता माझं.

देवाच्या फळीवर तुझा दगड अजून आहे. मुठीएवढा, हिरवट करडा, मधून पांढरी शीर गेलेली. एकोणिसाव्या वर्षी तू मित्रांबरोबर राज्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर जाऊन आलास आणि तिथला म्हणून तो बाबांच्या हातात ठेवलास. बाबांनी तो देवाशेजारी ठेवला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते देव पुसायचे आणि त्याच ओल्या फडक्यानं तुझा दगडही पुसायचे. बाबा गेल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. एक दिवस चुकवलेला नाही. देवासाठी करतो, तुझ्यासाठी नाही. पण फडकं एकच असल्यामुळे तुझंही होऊन जातं.

मी दगडाचं काम करणारा माणूस आहे, हे तू विसरला असशील. ऑफिसातल्या लोकांना तू काय सांगतोस ठाऊक नाही. 'धाकट्याचा मार्बलचा बिझनेस आहे' असं काहीतरी सांगत असशील. बिझनेस नाही. पायऱ्या घडवतो, उंबरे बसवतो, ओट्यांचे ग्रॅनाइट कापतो, घरांच्या पाट्यांवर नावं कोरतो. बाबांच्या हाताखाली पहिलं वर्ष काढलं तेव्हाच मला कळलं होतं की डोंगरमाथ्यावरचा दगड असा नसतो. तो फुटलेला असतो, त्याला कडा असतात, हातात घेतला तर बोचतो. तुझा आहे तो गोटा. पाण्यात वर्षानुवर्षं घासल्याशिवाय दगड असा होत नाही. बाबांना हे दिसलं नाही. छिन्नी लावायच्या आधी दगड कुठून फुटेल ते सांगणारा माणूस, पण थोरल्या पोराच्या बाबतीत आंधळा.

ते गेले त्या आठवड्यात तू 'बाबांची आठवण' म्हणून तो दगड बॅगेत घालायला निघालास. मी दारात उभा राहून म्हणालो, "कुठल्या ओढ्यातून उचललास ते आधी वहिनीला सांग, मग ने." दगड परत फळीवर ठेवलास, बॅग उचललीस आणि गेलास. खरा असतास तर माझ्या थोबाडीत मारली असतीस.

तेव्हा मी अंदाजानं बोललो होतो. ते मला आवडलं नाही. खात्री केल्याशिवाय बोलणं हे माझं वळण नाही, ते तुझं. म्हणून येत्या सोळा तारखेला, रविवारी, मी स्वतः वर जातोय. वरचा खरा दगड आणून फळीवर ठेवणार. तुझा मग मोरीत, टाचा घासायला. त्याआधी ये आणि आईसमोर स्वतःच्या तोंडानं काय ते सांग. मग दोन्ही दगड राहू देईन. नाहीतर मीच तिला सांगेन.

तिनं पुन्हा विचारलं, लिहिलंस का. लिहिलं म्हणालो.

धाकटा


११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कागदाचा तुकडा. "शिडीपाशी जपून. ओल असेल तर चढू नकोस." नऊ वर्षांनंतर एवढंच. ऑफिसात याहून मोठ्या चिठ्ठ्या चहावाल्याला लिहीत असशील.

आई विचारत होती काय लिहिलंय. म्हटलं, तब्येत विचारलीय तुझी. तुझ्यामुळे मला खोटं बोलावं लागलं, हेही तुझ्याच नावावर धर.

शिडी आहे हे मला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे. माथ्याच्या खाली शेवटचा कडा आहे आणि त्यावर लोखंडी शिडी ठोकलेली आहे. तू जाऊन आलास याचा हा पुरावा नाही, एवढं लक्षात ठेव.

माझ्याबरोबर चष्मेवाला आणि ढोल्या आहेत. तुझ्या लक्षात नसतील. गावच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचे. चष्मेवाल्याचं आता चौकात चष्म्यांचं दुकान आहे. त्यानं या एका रविवारासाठी बूट घेतले, दोन काठ्या घेतल्या, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी घेतली आणि पाठीवरची अशी पिशवी घेतली की जिच्यातून नळीनं पाणी पिता येतं. रोज संध्याकाळी तो हे सगळं चढवून दुकानासमोर फेऱ्या मारतो. काल एका गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, "काका, गॅसचं कनेक्शन तपासायला आलात का?"

ढोल्या आपल्याच शाळेत शिपाई आहे. तीस वर्षं घंटा वाजवतोय. पोट असं की घंटेपर्यंत हात पोहोचायला त्याला थोडं तिरकं उभं राहावं लागतं. त्याला म्हटलं, "तू नको येऊस, तुला अर्ध्यात उचलून आणावं लागेल." तो म्हणाला, "मग तू आहेस की, दगड उचलायची सवय आहे तुला." आणि स्वतःच हसत बसला. त्याच्याकडे बूटच नाहीत. पट्ट्यांच्या चपला घालून येणार आहे. सामान काय तर कापडी पिशवी आणि त्यात उकडलेले बटाटे.

असल्या लोकांबरोबर मी जातोय. पण देवानं जे सोबती दिले ते दिले.

चढण मला जड जाणार नाही. दोन मजले चाळीस किलोची फरशी खांद्यावर नेणारा माणूस मी, तुझ्यासारखा खुर्चीत वाढलेला नव्हे.

शाळेची एक गोष्ट लिहितो, कारण ती तुला कुणी सांगितली नसेल. तू वरून आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या मास्तरांनी मला वर्गात उभं केलं. सगळ्यांना म्हणाले, "याच्या घरात आता असा माणूस आहे, जो आपल्या राज्यात सगळ्यांच्या वर उभा राहिलाय. टाळ्या वाजवा." टाळ्या तुझ्यासाठी होत्या आणि उभा मी होतो. मग मास्तरांनी मला शिखराची उंची विचारली. मला आली नाही. "भावाला विचारून ये," म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. मी बारा वर्षांचा होतो. त्यानंतर दहावीपर्यंत हेच. गणित चुकलं तरी तू, अक्षर वाईट आलं तरी तू. बाबांनी एकाला कॉलेजात घालायचं ठरवलं तेव्हा कुणाला घालायचं याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. वर जाऊन आलेला एकच होता.

म्हणजे मी छिन्नी धरली ती त्या दगडामुळे. आणि तो दगड ओढ्यातला.

मी कुणाचा द्वेष करत नाही. रोज सकाळी देवासमोर तेवढं मागून घेतो. पण किळस वेगळी.

अजून पाच दिवस आहेत. यायचं तर ये.

धाकटा


१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा,

तू आला नाहीस. येणार नव्हतास हे मला माहीत होतं.

आम्ही पायथ्याशी पोहोचलोय. खोली घेतली आहे. तीन खाटा, एक बल्ब, खिडकीची कडी तुटलेली म्हणून चपलेनं अडकवलेली. खालच्या दुकानात शिखराची उंची छापलेले टी-शर्ट, कप आणि किल्ल्यांच्या कड्या मिळतात. वर न जाताही सगळं विकत घेता येतं. तुझ्या वेळी ही सोय नव्हती, नाहीतर तुझी ओढ्यापर्यंतची पायपीटही वाचली असती.

चष्मेवाल्यानं टी-शर्ट घेतला. मी म्हटलं, "अरे, आधी जा तरी." तो म्हणाला, "उद्या दुकान बंद असलं तर?"

चहाच्या टपरीवर एक म्हातारा असतो. जन्म इथेच गेला म्हणतो. त्याला शिडीबद्दल विचारलं. म्हणाला, आत्ताची लोखंडी आहे, बावन्न पायऱ्या, घट्ट आहे. आधी लाकडी होती. दोन वासे आणि आडव्या फळ्या, तारेनं बांधलेल्या, वारा आला की हलायची. ती कधी बदलली विचारलं, तर म्हणाला, पंचवीस वर्षं झाली असतील.

म्हणजे तुझ्या वेळी लाकडी होती. तू हे कधी सांगितलं नाहीस. चढला असतास तर दर आठवड्याला सांगितलं असतंस. हा आणखी एक पुरावा मी धरून ठेवलाय.

उद्या या वेळेला सगळं स्पष्ट झालेलं असेल. ढोल्या खाटेवर पडल्या पडल्या बटाटे मोजतोय. "माणशी चार," म्हणाला, "पण तुला पाच, तू रागात चालतोस."

धाकटा


१८ नोव्हेंबर

दादा,

वर जाऊन आलो. वारा फार होता. हवा स्वच्छ होती, लांबपर्यंत दिसलं. फोटो पाठवतोय. चष्मेवाल्यानं मोठा करून दुकानात लावलाय. त्यात तो आणि ढोल्या आहेत, मागे उंचीचा खांब आहे. फोटो मी काढला, म्हणून मी त्यात नाही.

दगड आणलाय. अजून पिशवीत आहे.

आईला एवढ्यात काही सांगितलेलं नाही. घाई नाही.

कामाची गर्दी आहे. एका दवाखान्याच्या सगळ्या पायऱ्या आहेत.

धाकटा


२१ नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. किंवा ठेव. तुझ्याकडे माझ्याविरुद्ध एक कागद असायला हरकत नाही.

तीन सकाळी झाल्या. देवासमोर उभा राहतो, फडकं ओलं करतो, देव पुसतो, तुझ्या दगडावर हात येतो आणि तिथेच थांबतो. ते पत्र पेटीत टाकल्यापासून हे चाललंय. म्हणून आता जसं झालं तसं लिहितो.

चढण मी सगळ्यांत पुढे राहून केली. मुद्दाम. मागून चष्मेवाल्याच्या काठ्यांचा आवाज यायचा आणि त्याहून मागे ढोल्याच्या चपलांचा. प्रत्येक वळणावर थांबून मी त्यांच्याकडे वरून बघायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, ही बघा माणसं. तीन तास हे सुख घेतलं. कड्यापाशी पोहोचलो तेव्हा मला घामसुद्धा नीट आला नव्हता.

शिडी मी आधी तपासली. बोल्ट दगडात चांगले चार-पाच इंच गेलेले, दगड पक्का, कुठे भेग नाही. मी बसवली असती तर अशीच बसवली असती. हे सगळं मला कळत होतं. चष्मेवाला दम खात बसला होता, त्याला म्हटलं, "काठ्या इथेच ठेव, वर कुणी चोरणार नाही, लाज वाटेल चोरायला." आणि चढायला लागलो.

अकरा पायऱ्या चढलो. मोजल्या आहेत. अकराव्या पायरीवर कडा आत वळतो आणि शिडी मोकळ्या हवेत येते. मी पायाकडे बघितलं. दोन गजांच्या मधून खाली झाडं दिसली. झाडं नव्हेच, शेवाळ. आणि माझे हात मिटले, दादा. मिटले म्हणजे मिटलेच. उघड म्हटलं तरी उघडेनात. या हातांनी मी तीस वर्षं दगड फोडलेत. देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तेही आठवेना. रोज घेतो ते नाव.

खाली रांग लागली. कुठल्यातरी कॉलेजची पोरं होती. एक मुलगी ओरडली, "काका, चढताय की उतरताय? ठरवा काहीतरी!" हसले सगळे. मला वर्ग आठवला.

मग माझ्या पायाला हात लागला. ढोल्या होता. चपला खाली काढून अनवाणी वर आला होता, ते पोट घेऊन. माझ्या टाचेला धरून म्हणाला, "उजवा पाय सोड. मी धरलाय. हां. आता खाली. शाब्बास. आता डावा." पहिलीतल्या पोरांना जिन्यावरून उतरवताना बोलतो ना, अगदी तसं. बोटं सुटत नव्हती तेव्हा त्यानं एकेक करून उघडली. खाली आल्यावर रांगेतल्या पोरांना म्हणाला, "बोल्ट तपासत होते ते. दगडकामाचे आहेत. जा तुम्ही, शिडी चांगली आहे." पोरं "थँक्यू काका" म्हणून वर गेली.

दया करणारी माणसं मला आवडत नाहीत. ती चपला घालत असतील तर मुळीच नाहीत. मी त्याला म्हटलं, "तू जा वर, माझ्यासाठी थांबू नकोस." मला वाटलं तो थांबेल. तो म्हणाला, "जातो. परत कधी येणार आपण?" आणि गेला. चष्मेवालाही गेला, काठ्या ठेवून, थरथरत, पण गेला.

मी एकटा राहिलो. शिडीच्या डाव्या हाताला, वीसएक पावलांवर, कड्याखाली एक टाकं आहे. वरून बारीक झरा पडतो आणि त्या खळग्यात पाणी गोल फिरत राहतं. तोंड धुवायला म्हणून मी खाली बसलो आणि पाण्यात हात घातला.

डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. नऊ वर्षं रोज सकाळी जो आकार हातात धरलाय, तो तिथे तळाशी होता. एक नाही, शंभर. हिरवट करडे, पांढऱ्या शिरांचे, पाण्यात घासून गोल झालेले. वरचा दगड फुटून झऱ्याबरोबर त्या टाक्यात पडतो आणि वर्षानुवर्षं फिरत बसतो.

म्हणजे तू ओढ्यातला दगड उचलला नव्हतास. इथपर्यंत आला होतास. इथेच बसला होतास. तुझे मित्र वरून ओरडत असतील, "ये रे, काही नाही!" आणि तू एकोणीस वर्षांचा, त्या लाकडी शिडीकडे बघत, काय करावं म्हणून पाण्यात हात घालून बसलेला असशील. मी लोखंडी शिडीवरून परत आलो. तुझी तर लाकडी होती. किती पायऱ्या चढला होतास, ते एकदा मला सांग. अकराहून कमी असतील तर मला बरं वाटेल.

मी एक दगड उचलला आणि खिशात घातला. का, ते तेव्हा मला कळलं नाही. चोरासारखं इकडंतिकडं बघून घातला एवढं आठवतं.

ते दोघं खाली आले आणि आम्ही उतरायला लागलो. मग ढोल्या म्हणाला, "चष्म्या, फोटो यानं काढला."

"कुठला फोटो?"

"वरचा. खांबापाशी."

"तो तर त्या कॉलेजच्या पोरानं..."

"यानं काढला."

चष्मेवाला जरा वेळ नळीतून पाणी पीत चालला. मग म्हणाला, "हां. यानंच काढला. जरा वाकडा आलाय, पण."

मी नको म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. पण टपरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तिघंही गेलात वर?" आणि ढोल्या म्हणाला, "तिघंही," आणि मी चहाचा कप तोंडाला लावला. इतकं सोपं असतं ते, दादा. सदतीस वर्षं मी समजत होतो की खोटं बोलायला माणूस आतून वेगळा असावा लागतो.

आता आईचं.

आज सकाळी देव पुसून झाले तेव्हा ती मागे येऊन उभी होती. म्हणाली, "तो दुसरा दगड किती दिवस पिशवीत ठेवणार आहेस?" मी म्हटलं, "कुठला दगड?" ती म्हणाली, "पिशवी आपटलीस तेव्हा वाजला तो."

काढून दिला. तिनं फळीवरचा तुझाही मागितला. दोन्ही हातांत एकेक घेऊन खाटेवर बसली, डोळे मिटून, अंगठे फिरवत. मग म्हणाली, "काय रे, डोंगराच्या माथ्यावर एवढं पाणी कुठून येतं, दगड असा गुळगुळीत व्हायला?"

मी फडकं पिळायला लागलो.

ती हसायला लागली. दात नाहीत, त्यामुळे तिचं हसणं आता नुसतं खांद्यांत दिसतं. "तुझ्या बाबांनी त्याच संध्याकाळी ओळखलं होतं," म्हणाली. "दादानं हातात ठेवला, यांनी असाच अंगठा फिरवला, आणि म्हणाले, फार चांगला आहे. तो झोपल्यावर मला म्हणाले, वर गेला नाही पोरगा. पाण्याजवळून परत आलाय."

"मग देवाशेजारी कशाला ठेवला?"

"मीही तेच विचारलं. खोटा दगड देवाशेजारी कशाला, म्हटलं. तर म्हणाले, दगड खोटा नाही. घाबरला आणि मागे फिरला, तेवढी बुद्धी देवानं त्याला दिली. हट्टानं चढला असता आणि पडला असता, तर मी फळीवर काय ठेवलं असतं?"

मी विचारलं, "मग त्याला कधी सांगितलं का नाही?"

"तो आपण होऊन सांगेल म्हणून वाट बघत होते. म्हणायचे, सांगेल कधीतरी, मोठा झाला की." मग म्हणाली, "तू त्याला दारात काय बोललास ते मी ऐकलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला हे?"

"तेव्हा तू ऐकणारा होतास का? तेव्हा तू खरा होतास."

हे मला लागलं. अजून लागतंय.

एक गोष्ट मात्र मी लिहिणार आहे, कारण आता लपवायला फारसं उरलेलं नाही. मला राग खोट्या दगडाचा कधीच नव्हता. फळीवर माझं काही नव्हतं, त्याचा होता. बाबांच्या हाताखाली मी अठरा वर्षं काम केलं, त्यांचा पहिला घट्टा आणि माझा पहिला घट्टा एकाच जागी आला, पण देवाशेजारी ठेवावं असं त्यांना माझं काही सापडलं नाही. सापडणार तरी कसं? मी कुठे गेलोच नाही. त्यामुळे परत आला असंही कुणी म्हणालं नाही.

आईनं दोन्ही दगड माझ्या हातात दिले. "ठेव," म्हणाली. "तुझा डावीकडे ठेव." मी म्हटलं, "आई, मी वर गेलो नव्हतो." ती म्हणाली, "मग मी काय म्हणतेय इतका वेळ?"

ठेवले. तुझा जास्त तुकतुकीत आहे. सदतीस वर्षं दोन माणसांचे अंगठे फिरलेत त्याच्यावर. माझा अजून कोरा दिसतो.

तर आता ये. आईचं डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. त्याआधी आलास तर एका डोळ्यानं बघेल, नंतर आलास तर दोन्ही डोळ्यांनी, पण तोवर किती म्हातारा झालायस तेही दिसेल तिला. वहिनीला आण. तो दगड कुठला ते मी सांगतो तिला, माझ्या अकरा पायऱ्यांसकट. आणि बाबांची आठवण म्हणून न्यायचा असेल तर या वेळी ने. जागा रिकामी राहिली तर राहू दे, मी फडकं फिरवीन.

चष्मेवाल्याच्या दुकानात जाऊ नकोस. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फोटो दाखवून म्हणतो, "काढणारा दगडकामाचा माणूस आहे, म्हणून कोन चुकलाय." ढोल्याला मात्र भेट. आज शाळेच्या फाटकात गाठून त्याला म्हटलं, "मी आईला खरं सांगितलं." तो म्हणाला, "मला वाटलंच. रविवारपासून तुझी चाल बदललीय." मग पिशवीतून बटाटा काढून दिला. पाचवा उरला होता म्हणे, माझा. आता तो खाण्यासारखा राहिला नव्हता. मी खाल्ला.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, कंबर वाकत नाही म्हणून नमस्कार घातला असं समज. वाकते. टाक्यापाशी वाकली होती. तू दारात आलास की घालतो.

धाकटा